अपंगत्वाचा पुरावा कोणीं कोणास द्यावा?

पुणें-बंगळूर रस्त्यावर, तारळी नदी जेथें कृष्णेस मिळते तेथें, उंब्रज हें गांव आहे. आसपासच्या खेड्यापाड्यांतील लोक बाजारासाठीं, औषधपाण्यासाठीं, कचेरीच्या कामासाठीं येथें येतात आणि एस. टी. च्या थांब्यावर उभे राहून साताऱ्याकडे किंवा कऱ्हाडाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहतात. गाडी आली, माणसें चढलीं, कंडक्टर तिकिटें देत फिरूं लागला, म्हणजे एक प्रश्न ऐकूं येतो: ‘कार्ड आहे काय? दाखवा.’ कुबडी घेऊन बसलेल्या मनुष्यास तो विचारला जातो, ज्यास ऐकूं येत नाहीं त्यास विचारला जातो, आणि आईच्या मांडीवर मान टाकून पडलेल्या मुलाविषयींहि विचारला जातो. प्रश्न चार शब्दांचा आहे. परंतु त्याच्या पाठीमागें नीतीचा एक मोठा प्रश्न उभा आहे, व तो आज आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों. जो मनुष्य म्हणतो, ‘मला चालतां येत नाहीं,’ त्याच्या शब्दावर आपण विश्वास कां ठेवूं नये? आणि ठेवावयाचा नसेल, तर पुराव्याचें ओझें त्यानेंच कां उचलावें?

प्रथम नियम काय आहे तो सांगतों, कारण पुष्कळांस तो अर्धवट ठाऊक असतो. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या गाड्यांत, ज्याचें अपंगत्व शेंकडा 40 किंवा त्याहून अधिक ठरलें आहे, त्यास भाड्यांत शेंकडा 75 सूट मिळते. म्हणजे शंभर रुपयांचें तिकीट त्यास पंचवीस रुपयांस पडतें. ज्याचें अपंगत्व शेंकडा 65 च्या वर आहे त्याच्यासोबत जाणाऱ्या एका मदतनिसासहि अर्धें तिकीट असतें. लोक यास ‘फुकट पास’ म्हणतात, पण एस. टी. चा प्रवास अपंगास फुकट नाहीं. तसा पास पुण्यासारख्या शहराच्या बसगाड्यांत मिळतो. सवलतीसाठीं जें कार्ड दाखवावयाचें तें आतां बहुधा ‘वैश्विक ओळखपत्र’ म्हणून ओळखलें जाणारें कार्ड असतें. 2016 सालीं केंद्र सरकारनें अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा केला व 19 एप्रिल 2017 पासून तो अमलांत आला. त्या कायद्याप्रमाणें सरकारनें नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यानें तपासून दिलेला दाखला सर्व देशभर ग्राह्य असतो. 1 जून 2021 पासून हे दाखले संगणकाच्या द्वारेंच दिले जातात. अर्ज त्या मार्गानें करावयाचा व तपासणीस मात्र स्वतः जावयाचें.

या सवलतीशेजारीं आणखी दोन सवलती ठेवून पाहाव्या. 26 ऑगस्ट 2022 पासून ज्यांस 75 वर्षें पूर्ण झालीं आहेत अशा वृद्धांस एस. टी. नें विनामूल्य जातां येतें. 17 मार्च 2023 पासून सर्व स्त्रियांस अर्धें तिकीट पडतें. स्त्रीस कंडक्टर कांहींच विचारीत नाहीं. वृद्धास वयाचा एक कागद दाखवावा लागतो. तो कागद त्याच्या शरीराविषयीं कांहीं बोलत नाहीं, व तो मिळविण्यासाठीं त्यास कोणापुढें अंग उघडें करावें लागत नाहीं. अपंगास मात्र आपलें शरीर अनोळखी माणसांच्या हातीं द्यावें लागतें. तें वाकवून, ताणून, मोजून घेतात आणि त्यांतील उणेपणाचा एक आकडा कागदावर लिहितात, व तो आकडा तो खिशांत घेऊन फिरतो. तिघांस सवलत एकच सरकार देतें. ज्याची गरज बहुधा सर्वांत मोठी, त्याच्याचकडे पुरावाहि सर्वांत जड मागितला जातो, हें कसें?

याचें उत्तर असें देतात कीं, स्त्री असल्याचें किंवा ऐंशी वर्षांचा असल्याचें सोंग सहजासहजीं करतां येत नाहीं. लंगडण्याचें सोंग करतां येतें. हें उत्तर खरें आहे. चांगल्या मनाचे लोक तें ऐकून रागावतात, परंतु रागावण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. खोटे दाखले निघतात. 2024 सालीं पुण्यांत नेमणूक झालेल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांविषयीं देशभर चर्चा झाली. त्या प्रकरणाचा निवाडा करणें न्यायालयाचें काम आहे, आमचें नव्हे. पण मोठ्यांचेंच उदाहरण कशाला? भावाचें कार्ड घेऊन भाऊ कऱ्हाडास जातो. फोटो जुना व अंधुक असतो, कंडक्टरास घाई असते, आणि काम भागतें. घरीं आल्यावर त्यांत कांहीं पाप झालें असें कोणास वाटत नाहीं. ‘सरकारचे चाळीस रुपये वांचविले, कोणाचें काय नेलें?’ असें म्हणतात.

कोणाचें नेलें, याचा विचार करावा. सरकारच्या तिजोरींत चाळीस रुपयांनीं खड्डा पडत नाहीं हें मान्य. परंतु एक खोटें कार्ड सांपडलें म्हणजे पुढच्या शंभर खऱ्या कार्डांकडे कंडक्टर डोळे बारीक करून पाहतो. डॉक्टर पुढच्या शंभर माणसांस अधिक कठोरपणें तपासतो. वरून हुकूम येतो कीं जुने दाखले पुन्हां तपासावे, आणि मग ज्या म्हाताऱ्याचा पाय तीस वर्षांपूर्वीं गेला, त्यास ‘पाय अजून नाहींच’ हें दाखविण्यासाठीं पुन्हां साताऱ्याची वारी करावी लागते. म्हणून आम्ही म्हणतों कीं खोटें कार्ड वापरणारा मनुष्य अपंगाच्या शब्दाची पत चोरतो, व ती परत भरून देण्याचा उपाय कोणापाशीं नाहीं. कायद्यानें या गुन्ह्यास दोन वर्षेंपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत. ही शिक्षा थोरामोठ्यांस आहे व आपल्या घरांतील लहानशा लबाडीस नाहीं, असें कोणीं समजूं नये.

आणखी एक गोष्ट दाखल्याच्या बाजूनें बोलण्यासारखी आहे. दाखला मागणें हा अपमानच, असें सरसकट म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. दाखला नसता तर काय झालें असतें? प्रत्येक गाडींत, प्रत्येक कंडक्टरापुढें, आपल्या दुःखाची कहाणी नव्यानें सांगावी लागली असती. ज्याचें व्यंग डोळ्यांस दिसतें व ज्यास करुण बोलतां येतें, त्याचें भागलें असतें; जो मुका आहे, मानी आहे किंवा ज्याचा विकार आंत दडलेला आहे, तो मागें राहिला असता. भीक घालणारा चेहरा पाहून घालतो, व त्याच्या मनांत आलें नाहीं तर घालीत नाहीं. कार्ड हातीं असलेल्यास कोणाच्या मनाकडे पाहावें लागत नाहीं. तो एकदां तपासला गेला आहे. आतां कंडक्टरानें त्याचें कार्ड पाहावें, अंग पाहूं नये. हा लाभ थोडा नव्हे.

येथवर पुराव्याचा पक्ष झाला. परंतु पुरावा मागणें योग्य आहे, एवढ्यावरून तो गोळा करण्याचा सारा भार मागणारानें दुसऱ्यावर टाकावा, असें ठरत नाहीं. या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि अन्याय तेथेंच शिरतो.

समजा, तारळ्याच्या खोऱ्यांत वरच्या अंगास एखाद्या वाडींत एक मनुष्य आहे. लहानपणीं ताप येऊन त्याचा एक पाय वाळला. काठी टेकीत तो शेताच्या बांधापर्यंत जातो, त्याहून पुढें जात नाहीं. त्यास दाखला पाहिजे. प्रथम त्यानें अर्ज भरून देणारें केंद्र गांठावें. आधार कार्ड, फोटो, जुने औषधाचे कागद बरोबर न्यावे. मग ज्या दिवशीं बोलावणें येईल त्या दिवशीं साताऱ्यास जिल्हा रुग्णालयांत हजर व्हावें. वाडीहून मोठ्या रस्त्यापर्यंत कोणाच्या तरी गाडीवर बसून यावें, एस. टी. नें उंब्रजेस यावें, तेथें गाडी बदलावी. बरोबर एक माणूस पाहिजे, म्हणजे एकाचा रोज बुडाला. दोघांचें जातांयेतांचें भाडें पूर्ण, कारण सवलतीचें कार्ड अजून मिळावयाचें आहे. आणि 2025 च्या जानेवारींत एस. टी. चें भाडें शेंकडा 14.95 नें वाढलें आहे. तेथें रांग असते. हाडांचे डॉक्टर शस्त्रक्रियेस गेले असतील, क्ष-किरणाचा फोटो नवा पाहिजे असेल, तर ‘पुढच्या वारीं या.’ पुढच्या वारीं पुन्हां तेंच भाडें व तोच बुडालेला रोज. ज्या गोष्टीसाठीं सवलत द्यावयाची, म्हणजे प्रवास त्यास कठीण आहे म्हणून, तीच गोष्ट सिद्ध करण्यासाठीं त्यास प्रवास करावयास लावतात! तो दोन वेळां साताऱ्यास पोंचला, तर कोणी हंसून म्हणेल, ‘एवढें येतां येतें, मग सवलत कशाला?’ आणि पोंचला नाहीं, तर दाखला नाहीं. पूर्वींच्या नियमांत दाखला एका महिन्यांत द्यावा असें होतें. 2024 च्या ऑक्टोबरांत नियम बदलून तीन महिन्यांची मुदत केली आहे. अर्जदार दोन वर्षांत तपासणीस पोंचूं शकला नाहीं तर त्याचा अर्ज बंद पडतो व त्यास तो पुन्हां करावा लागतो. मुदत सरकारासहि आहे व अर्जदारासहि आहे. पण चालावयाचें आहे तें एकट्या अर्जदारास.

आमच्या वाचकांस लेवीय पुस्तकांतील कोड्याविषयींचे नियम ठाऊक आहेत. तेथेंहि तपासणी आहे, सात सात दिवसांची मुदत आहे, पुन्हां पाहणें आहे. आळ खरा कीं खोटा हें ठरविल्यावांचून मनुष्यास बाहेर घालीत नसत कीं आंत घेत नसत. ती तपासणी सैल नव्हती. परंतु बरा झालेला रोगी छावणीबाहेर असतां त्यास पाहण्यास याजक स्वतः छावणीबाहेर जाई, ही गोष्ट वाचतांना पुष्कळांच्या नजरेंतून सुटते. जो आंत येऊं शकत नाहीं त्याच्याकडे तपासणारानें जावें, एवढें तारतम्य त्या जुन्या व्यवस्थेंत होतें. आज तालुक्याच्या गांवीं मधून मधून तपासणीचीं शिबिरें भरतात, तीं याच तत्त्वावर. तीं वारंवार व ठरलेल्या वारीं भरावीं, आणि जो अंथरुणास खिळला आहे त्यास घरीं येऊन पाहावें, अशी मागणी करणें म्हणजे कांहीं विशेष मेहेरबानी मागणें नव्हे. 2011 च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत सुमारें 29 लाख 63 हजार अपंग नोंदले गेले. इतक्या लोकांस रुग्णालयाच्या दारीं आणण्यापेक्षां थोड्या डॉक्टरांनीं गांवांकडे जाणें स्वस्त पडेल कीं महाग, हा हिशेब कोणीं तरी मांडावा. आज तो अपंगाच्या खिशांतून भरला जातो म्हणून कोणाच्या वहींत दिसत नाहीं, इतकेंच.

आतां शेंकडा 40 या रेषेकडे वळूं. ही रेषा नवी नाहीं. 1995 च्या जुन्या कायद्यांतहि ती होती. त्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या कायद्यांत एकवीस झाले, पण चाळिसाचा आंकडा तोच राहिला. हे टक्के कसे मोजतात याची सरकारनें ठरविलेली रीत आहे. उदाहरणार्थ, ज्याचा एक डोळा पूर्ण गेला व दुसरा चांगला आहे, त्याचें अपंगत्व शेंकडा 30 धरतात; म्हणजे त्यास ही सवलत नाहीं. दोन व्यंगें एकाच मनुष्यास असलीं तर त्यांची साधी बेरीज करीत नाहींत. मोठा आंकडा तसाच घेतात. 90 मधून तो वजा करून जें राहील त्यानें लहान आंकड्यास गुणतात, 90 नीं भागतात, व तो भागाकार मोठ्या आंकड्यांत मिळवितात. एक डोळा गेलेल्या त्याच मनुष्याच्या हातांत शेंकडा 20 व्यंग असलें, तर तीस व वीस मिळून पन्नास होत नाहींत, सुमारें 43 होतात. तरी तो रेषेच्या पलीकडे गेला. हा हिशेब आम्ही मुद्दाम लिहिला आहे, कारण पुष्कळ लोक एकच व्यंग दाखवून परत येतात. दुसरें सांगितलें तर पहिल्यावर संशय येईल अशी त्यांस भीति वाटते. तसें नाहीं. जें आहे तें सर्व सांगावें.

परंतु आंकडा शरीराचा असतो व जगणें मनुष्याचें असतें. ज्याच्या उजव्या हाताचीं बोटें गेलीं तो सुतार असेल तर त्याचा धंदा बुडाला. तोच देवळाचा घंटा वाजविणारा असेल तर तितकें अडत नाहीं. टक्का दोघांस सारखाच. महामार्गाच्या कडेस घर असलेला लंगडा व डोंगरावरच्या वाडींतील लंगडा, यांचाहि टक्का सारखाच. ही उणीव न्यायालयांच्याहि लक्षांत आली आहे. 2021 सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, परीक्षेंत लेखनिक मिळण्यासाठीं शेंकडा 40 ची अट घालतां येत नाहीं. हाताच्या विकारानें लिहितां येत नसेल तर टक्के कमी भरले तरी लेखनिक द्यावा. 2024 च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रांतील एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशाविषयींच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें उलट बाजूनें तेंच सांगितलें: टक्के अधिक भरले एवढ्यावरून तो शिकूं शकणार नाहीं असें म्हणूं नये, तो प्रत्यक्ष काय करूं शकतो हें मंडळानें तपासावें. एके ठिकाणीं कमी आंकड्यानें दार बंद होऊं दिलें नाहीं, दुसरीकडे अधिक आंकड्यानें होऊं दिलें नाहीं.

इंग्लंडांत दुसरी रीत आहे. तेथें 1 एप्रिल 2008 पासून अपंगांस देशभर स्थानिक बसगाड्यांत, कामाच्या दिवसांत सकाळीं साडेनऊपासून रात्रीं अकरापर्यंत, विनामूल्य प्रवास मिळतो. तेथील कायदा टक्के विचारीत नाहीं. सात वर्ग सांगतो. अंध किंवा फार मंद दृष्टीचा, ठार बहिरा किंवा जवळ जवळ तसा, ज्यास वाचा नाहीं, ज्याच्या चालण्यावर दीर्घकाळ मोठा परिणाम झाला आहे, ज्यास दोन्ही हातांचा उपयोग नाहीं, ज्याची शिकण्यासमजण्याची शक्ति फार उणी आहे, आणि सातवा, ज्यास प्रकृतीच्या कारणानें मोटार चालविण्याचा परवाना नाकारला गेला असता. या सातव्या वर्गांत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें. जो स्वतः गाडी हांकूं शकत नाहीं त्यास दुसऱ्याच्या गाडीची गरज आहे, हा विचार सवलतीच्या हेतूपासून निघाला आहे. शिवाय चालण्याच्या अडचणीबद्दल सरकारचें विशिष्ट वेतन ज्यास आधींच मिळत आहे, त्याचा तोच कागद पुरतो. आपल्याकडे उलट होतें. मसूरच्या स्टेशनावर जाऊन आगगाडीचें सवलतीचें तिकीट मागा. रेल्वेचें आपलें निराळें ओळखपत्र आहे व त्यासाठीं ती आपल्याच नमुन्याचा डॉक्टरी दाखला मागते. तिचे वर्गहि निराळे. बहिरा असून ज्यास बोलतां येतें त्यास एस. टी. सवलत देते, रेल्वे देत नाहीं. तिच्या नियमांत बहिरेपण व मुकेपण दोन्ही एकाच माणसांत पाहिजेत. एका सरकारी डॉक्टरानें तपासलेला पाय दुसऱ्या सरकारी खात्यासाठीं पुन्हां तपासावयाचा, यांत कोणत्या लबाडीस आळा बसतो तें आम्हांस कळत नाहीं.

आतां सर्वांत नाजूक भाग. रेषा चाळिसावर आहे व मनुष्य अडतीसावर उभा आहे. तो, किंवा त्याच्याबरोबर गेलेला शिक्षक वा प्रचारक, डॉक्टरास म्हणतो, ‘साहेब, गरीब आहे, दोन टक्के वाढवून द्या.’ हें योग्य कीं अयोग्य? दया म्हणते, द्यावे. आमचें मत असें आहे कीं मागूं नये व देऊंहि नये. कारण डॉक्टराचा शब्द हा सर्व अपंगांचा सामाईक आधार आहे. तो एकासाठीं वांकविला कीं तो कोणासाठींहि वांकतो हें लोकांस कळतें, आणि मग ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्यासाठीं तो सर्वांत आधीं वांकतो. गरिबास त्या बाजारांत कधींच लाभ होत नाहीं. अडतीसाचा अन्याय खरा आहे. पण तो रेषेचा आहे, व रेषेविरुद्ध उघड बोलावें. सुटीचीं पायऱ्यापायऱ्यांनीं वांटणी करावी, पंचविसास थोडी, चाळिसास अधिक, असें मागतां येईल. एका टक्क्यानें तीन चतुर्थांश भाडें हातचें जावें ही रचना ओबडधोबड आहे हें कोणीहि मान्य करील.

परंतु खोटें वाढवून सांगण्यापेक्षां आपल्या खेड्यांत उलट दोष अधिक आढळतो, व त्यास कोणी दोष म्हणत नाहीं. डॉक्टर विचारतात, ‘चालतां येतें काय?’ आणि आपला मनुष्य लाजेनें किंवा अदबीनें म्हणतो, ‘होय साहेब, चाललें आहे कसें तरी.’ तो एवढें बोलतो आणि आंकडा खालीं येतो. रात्रीं पायांत गोळे येऊन झोंप लागत नाहीं, विहिरीच्या पायऱ्या उतरतां येत नाहींत, शौचास जातांना मुलाचा खांदा धरावा लागतो, हें तो सांगत नाहीं. बायका तर त्याहून कमी सांगतात. परक्या पुरुषापुढें पाय दाखविण्यापेक्षां दाखला नको म्हणून कित्येक परत फिरतात. वाढवून सांगणें जसें असत्य, तसें दडवून सांगणेंहि अपुरें सत्य आहे, व त्याचा तोटा घरांतल्या सर्वांस होतो. बरोबर जाणारानें येथें उपयोगी पडावें. डॉक्टरांवर वजन आणण्यासाठीं त्यानें जाऊं नये. रोग्यास जें बोलवत नाहीं तें बोलण्यास त्यानें धीर द्यावा. स्त्रीबरोबर स्त्री जावी.

गाडींतील इतर प्रवाशांविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. नव्या कायद्याच्या एकवीस प्रकारांत मानसिक आजार आहे, स्वमग्नता आहे, पार्किन्सनचा विकार आहे. हे विकार नेहमीं अंगावर दिसत नाहींत. धडधाकट दिसणाऱ्या मनुष्यानें कार्ड काढलें कीं शेजारचे एकमेकांकडे पाहतात, कोणी मोठ्यानें बोलतोहि. डॉक्टरांनीं एकदां केलेली तपासणी सारी गाडी पुन्हां करूं लागते, आणि तिच्याजवळ ना विद्या ना अधिकार. सरकारनें 2015 नंतर ‘अपंग’ हा शब्द टाकून ‘दिव्यांग’ हा शब्द चालविला. शब्द गोड आहे. अंगांत दिव्य असें काय आहे, असें पुष्कळ अपंगच विचारतात. आम्हांस वाटतें, नांव कोणतेंहि असो, पुढच्या बाकावरची जागा त्याच्यासाठीं सोडली कीं नाहीं हें आधीं पाहावें. आणि पायरी? कार्डानें तिकीट स्वस्त होतें, गाडीची पायरी ठेंगणी होत नाहीं. कायद्याच्या एक्केचाळिसाव्या कलमानें बसस्थानकें व गाड्या अपंगांस वापरतां येतील अशा करणें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे, ज्यानें एस. टी. च्या दाराचा दांडा धरून कुबडीसह वर चढून पाहिलें आहे, त्यास तें कर्तव्य कितपत पुरें झालें हें विचारावें.

ज्यांस दाखला नाकारला जातो किंवा आंकडा कमी मिळतो, ते बहुधा मुकाट्यानें घरीं येतात. त्यांस हें सांगावयाचें आहे कीं, नाकारण्याचें कारण लेखी मिळणें हा त्यांचा हक्क आहे, आणि त्या निर्णयावर अपील करतां येतें. तशी तरतूद त्याच कायद्याच्या एकोणसाठाव्या कलमांत आहे. लेखी कारण घेतल्यावांचून रुग्णालय सोडूं नये. ज्याचा विकार वाढण्यासारखा किंवा कमी होण्यासारखा आहे, त्यास मुदतीचा दाखला मिळतो. ती मुदत दाखल्यावर लिहिलेली असते, व ती संपण्याच्या आधींच पुढचा अर्ज करावा, नाहीं तर मधल्या काळांत गाडींत पूर्ण भाडें पडतें. कार्डांचे रंगहि ओळखून ठेवावे: शेंकडा 40 च्या खालीं पांढरा, 40 पासून 80 च्या आंत पिवळा, 80 व त्यावर निळा. पांढरें कार्ड हातीं आलें म्हणून एस. टी. ची सवलत मिळत नाहीं. हें न समजून कांहींजण कंडक्टराशीं भांडतात व सर्व गाडीपुढें खजील होतात.

आणि तो अडतीसाचा मनुष्य? त्यास दुसरें कांहीं व्यंग, कानाचें म्हणा, डोळ्याचें म्हणा, असेल तर तें तपासून घेण्यास त्यानें पुन्हां जावें. वर दिलेल्या रीतीनें पांच टक्क्यांचें दुसरें व्यंगहि त्यास चाळिसाच्या पार नेतें. तें नसेल, तर आज तरी त्यास पूर्ण तिकीट काढावें लागेल. बाजाराच्या दिवशीं त्याचें तें तिकीट कोण काढतो, मुलगा, भाऊ, शेजारी, कीं मंडळीची पेटी, हें त्या त्या गांवानें आपसांत बोलून ठरवावें. आणि ठरविण्यापूर्वीं त्यास विचारावें, कारण कित्येकांस तिकिटाच्या पैशापेक्षां उंब्रजेच्या थांब्यापर्यंत सोबत अधिक हवी असते.